डावा हात खिशातच

गुलमंडीत कापडाच्या दुकानावर मुबारकचाचांचा फोटो स्टुडिओ आहे, आणि त्या स्टुडिओत एक कोट आहे. निळा, जाड, चांगल्या आडव्या माणसाच्या मापाचा. शहरातल्या निम्म्या लग्नाळू पोरांनी तो अंगात घातलाय आणि त्यातल्या एकालाही तो बसलेला नाही. मग तिथं फोटो काढणारी ओवी काय करते, तर पाठीमागून तो गोळा करून कपडे वाळत घालायचे चिमटे लावते. समोरून बघावं तर मोठा साहेब, मागून बघावं तर दोरीवरची चादर. पण स्थळासाठी पाठवायचा फोटो समोरूनच काढतात, त्यामुळं आजवर कुणाचं काही अडलं नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी सुयश हा कोट घालायला जिना चढून वर आला आणि ओवीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

तसं बघायला गेलं तर पोरात खोट नव्हती. उंच, सावळा, डोळे जरा झोपाळू... बरा होता. चांगलाच बरा होता, पण हे तिनं त्या दिवशी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही. वाळूजला एका कंपनीत इंजिनियर आहे म्हणाला. एकटाच आला होता. आता स्थळाचा फोटो काढायला कुणी एकटं येतं का? सोबत एखादा मित्र असतो, तो केस नीट करून देतो आणि मागं उभा राहून हसवतो. शिवाय हा आरशात बघेना. आणि वर म्हणाला काय...

"गोरं करू नका हं मला. आहे तसा राहू द्या."

इतक्या वर्षांत असं म्हणणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. ओवीनं कॅमेऱ्यामागून एक भुवई वर केली.

"मिशी दाट करून देऊ? सगळे मागतात."

"आहे तेवढी पुरते."

"मुलीकडच्यांना मर्दानी लागतं बघा. मग म्हणू नका सांगितलं नाही."

"तुम्हाला लागतं का?"

"मी मुलीकडची नाही," ओवी म्हणाली. "मी फोटोवाली आहे."

तो हसला आणि जिन्यालगतच्या भिंतीकडे वळला. ही भिंत ओवीची होती. कोटातला फोटो काढून झाला, की ती गिऱ्हाइकाला म्हणायची, आता कोट काढा आणि एक फोटो माझ्यासाठी द्या, घरी कुणी बघत नसताना असता तसे बसा. बहुतेकांना बसताच येत नसे. छाती काढून उभं राहायची इतकी सवय, की ती सोडल्यावर हातापायांचं काय करायचं ते कळेना. पण काहींना जमायचं. जिम चालवणारा नोमान, दंडावर लेकीनं लावलेले नेलपॉलिशचे ठिपके मिरवत बसलेला. पोलीस भरतीत नापास झालेला सम्यक, चक्क रडताना. शेवया वळणारे एक रिटायर्ड हेडमास्तर. मुबारकचाचा त्या भिंतीकडे बघून नाक मुरडायचे. त्यांच्या काळात पुरुषाचा फोटो म्हणजे एक हात खुर्चीवर, दुसऱ्या हातात बंद पडलेला टेलिफोन आणि चेहऱ्यावर घरात कुणी वारल्यासारखा भाव. "मर्द हँसता दिखा तो फोटो वापस आता था," ते सांगायचे. तरी भिंतीवरचा एकही फोटो त्यांनी कधी उतरवला नव्हता.

सुयश त्या भिंतीपुढं बराच वेळ उभा राहिला. जरा जास्तच. हा बघतोय की बघून ठेवतोय, असं ओवीला वाटलं.

त्याला कारण होतं. मागच्या वर्षी तिचं लग्न ठरत आलं होतं. साखरपुड्याचा हॉलसुद्धा बघून झाला होता. तेवढ्यात मुलाचा भाऊ गिऱ्हाईक बनून स्टुडिओत आला, गोड बोलून फोटो काढून घेऊन गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून निरोप आला, की मुलगी परक्या पुरुषांच्या हनुवटीला हात लावते. आता फोटो काढायचा तर हनुवटी सरळ करावीच लागते. जरा उजवीकडे, जरा खाली, असं नुसतं तोंडानं सांगून माणूस कधी नीट बसलाय? दोन बोटं लावली की काम होतं. पण त्या दोन बोटांवरून लग्न मोडलं. ओवी रडली-बिडली नाही. तिनं मनाशी एवढंच पक्कं केलं, की काम सोडायचं नाही, आणि चोरून पारख करणाऱ्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही.

"हाताची घडी घाला," ती सुयशला म्हणाली.

"हात खिशात असू द्या ना."

"स्थळाच्या फोटोत घडी असते."

"का?"

आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "दम दिसतो," ती म्हणाली.

"माझ्यात तेवढा नाही. खिशातच बरे."

हनुवटी मात्र वाकडी होती. ओवी पुढं झाली आणि मध्येच थबकली. मुद्दाम वाकडी ठेवली असेल का यानं? बघायला, की मी हात लावते का ते? लावते. लावणारच. तिनं दोन बोटं टेकवली आणि त्याचा चेहरा खिडकीकडे वळवला. त्यानं डोळे मिटले. बोटांखाली सकाळच्या दाढीची खरखर होती, आणि त्याच्या अंगाला निलगिरीच्या तेलाचा वास येत होता. एवढ्या उन्हात सर्दी?

"डोळे उघडा," ती म्हणाली. "झोपायला नाही बोलावलं."

"हात थंड आहेत तुमचे."

"फोटोला चालतात."

दोन-तीन फोटो झाले असतील नसतील, पाठीमागचा चिमटा ताडकन उडाला. कोट फुगला, तो दचकला, डाव्या हातानं त्यानं कोट छातीशी धरला... आणि चटका बसल्यासारखा हात पुन्हा खिशात घातला. पण तेवढ्यात ओवीचं बटण दाबलं गेलं होतं.

"मोबाईलवर पाठवते फोटो," ती म्हणाली. "उगाच हेलपाटा नको तुम्हाला."

"नको, नको. येईन ना मी."

हेही नवीनच. तो गेल्यावर तिनं फोटो कॉम्प्युटरवर घेतले. चिमटा उडालेला पुसून टाकायचा म्हणून उघडला आणि तिचा हात थांबला. कोट धरलेल्या तळव्याची कड दिसत होती. तिनं फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. बोटांच्या पेरांवर आणि तळव्याच्या कडेला केशरी रेघा होत्या, बारीक, वळणदार.

"चाचा, इकडे या जरा."

मुबारकचाचांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "मेंदी है. नौशा दिखता."

शहरातल्या कुठल्याही घरात जा, पुरुषाच्या तळव्याला मेहंदी लागते ती नवरदेव झाल्यावर, एकदाच. म्हणजे या गृहस्थाचं लग्न नुकतंच झालं होतं, निदान हळद-मेहंदीपर्यंत तरी आलं होतं, आणि हा खुशाल एकटा येऊन दुसऱ्या स्थळासाठी फोटो काढून गेला होता.

"पूछ ले ना उसकू," चाचा म्हणाले. "कायकू दिल में घोलती?"

पण ओवी विचारणाऱ्यातली नव्हती. ती बघणाऱ्यातली होती.

फोटो न्यायला तो आला त्या दिवशी अवकाळी पाऊस कोसळला. खाली एकच पळापळ. दुकानदार बाहेर टांगलेल्या साड्या आत ओढत होते, रिक्षा जागच्या जागी अडकल्या होत्या. सुयश जिन्याच्या तोंडाशीच थांबला. ओवी पाकीट घेऊन खाली आली तेव्हा त्यानं उजवा हात पागोळ्यांखाली धरला होता. डावा खिशात.

"पाऊस आवडतो वाटतं?"

"वाळूजच्या बसमध्ये असलो की नाही आवडत. इथं आवडतोय."

"इथं काय वेगळं आहे?"

"इथं..." तो पावसाकडेच बघत म्हणाला, "थांबायला कारण मिळतं."

ओवीला हसू येत होतं. तिनं ते तिथल्या तिथं दाबलं. नवरदेव आहे हा मेला.

"लग्न ठरलं का कुठं?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"नाही हो."

"साखरपुडा-बिखरपुडा?"

"फोटो तर आत्ता हातात पडतोय."

"मग डावा हात का लपवता?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"थंडी वाजते," तो म्हणाला.

"मे महिन्यात. एकाच हाताला."

"बारीक लक्ष असतं तुमचं."

"तोच धंदा आहे माझा."

"सांगेन कधीतरी," तो म्हणाला. "भिंतीवरच्या त्या माणसांना तुम्ही हसला नाहीत ना... म्हणून तुम्हाला सांगेन."

आणि पाऊस थांबला नसताना तो निघाला. पाकीट शर्टाच्या आत घातलं, पण डावा हात काही बाहेर काढला नाही. ओवी त्याच्या भिजत्या पाठीकडे बघत राहिली. असा भिजत जाणारा माणूस लबाड असेल का? असेल की, तिनं स्वतःला बजावलं. लबाडांवरही पाऊस पडतो.

पुढच्या आठवड्यात यमुनाआत्या पैठणहून आली ती एक स्थळ घेऊनच. बिडकीनचा मुलगा, वाळूजला इंजिनियर, आईवडील नाहीत, मामानं वाढवलेला. आत्यानं मोबाईल पुढं केला. ओवीनं बघितलं. खिडकीचा उजेड तिचा, कोट चाचांचा, आणि कोटात तोच.

आता कुठं तिच्या लक्षात आलं. एकटा का आला, भिंतीपुढं का घुटमळला, हनुवटी वाकडी का धरली. पुन्हा तेच. पुन्हा कुणीतरी गिऱ्हाईक बनून तिला तपासून गेलं होतं, आणि हा तर वरून हातावर मेहंदी घेऊन फिरत होता. तिला राग आला, आणि रागाच्या खाली कुठंतरी फार वाईट वाटलं.

"बोलवा त्यांना," ती म्हणाली.

आई चमकली. वर्षभर स्थळाचं नाव काढलं की ही उठून जायची. "अगं, नीट बघितलंस का?"

"फार नीट बघितलंय."

आईनं देवापुढं साखर ठेवली. बिचारीला काय ठाऊक, पोरगी कुठला डाव मांडून बसलीय.

रविवारी सकाळी मंडळी आली. पांढऱ्याशुभ्र टोपीतले कडुबामामा आणि त्यांच्या शेजारी सुयश. ओवी बाहेर आली तेव्हा तो दचकला नाही. म्हणजे त्याला माहीत होतं. एवढ्यानंच तिची खात्री पटली. तिनं एका हातात पोह्यांची बशी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेतला आणि दोन्ही एकदम त्याच्यापुढं धरलं. आता बघू, खिशातून हात कसा काढत नाहीस. सुयशनं उजव्या हातानं बशी घेतली, मांडीवर ठेवली, मग त्याच हातानं पेला घेतला.

"किती शांत मुलगा आहे," आत्या म्हणाली.

"पोरगं लई साधं हाय," मामांना जोर चढला. "सुपारीचं खांड नाय की दारूचा थेंब नाय. कंपनीत त्याच्या हाताखाली माणसं राबतात."

"हाताखालचं राहू द्या, मामा," ओवी म्हणाली. "हातावर काय आहे ते बघू. डावा हात दाखवायला सांगा त्यांना."

ओवीचे बाबा, केशवराव, घसा खाकरून म्हणाले, "ओवी, हे काय?"

"मेहंदी आहे त्यांच्या हातावर, बाबा. मी बघितलीय. लग्न झालेला माणूस आपल्याकडे पोहे खातोय."

सुयशनं बशी खाली ठेवली. त्याचा चेहरा उतरला होता. त्यानं हळूच हात खिशातून काढला आणि गुडघ्यावर उघडला. फिकट केशरी डाग नव्हते आता. सगळा तळवा भरला होता, वेली, कोयऱ्या, बारीक जाळी, चांगली गडद रंगलेली. आत्याच्या तोंडून "अगबाई" निघून गेलं.

मामा लगबगीनं पुढं सरकले. "त्ये व्हय? ह्याच्या बहिणीची पोरगी हाय ना धाकटी, तिनं खेळता खेळता काढली. पोरांचं काय..."

थाप झकास होती. बाबांनी मानसुद्धा हलवली. आत्या हसायच्या बेतात आली. सुयशनं नुसतं गप्प बसायचं होतं, की चहा आला असता आणि सगळं सुरळीत झालं असतं.

"नाही मामा," तो म्हणाला. "मीच काढली."

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बिडकीनला शेजारी कमरुन्निसा आपा होत्या," सुयश सांगू लागला. तो कुणाकडेच बघत नव्हता. "आई गेल्यावर शाळा सुटली की मी त्यांच्याकडे असायचो. गावातल्या सगळ्या नवरीमुलींचे हात त्या रंगवायच्या. मी कोन भरून द्यायचो. मग शिकलो. ताईच्या लग्नात तिचे हात मीच रंगवले. अजून काढतो. उजव्यानं काढतो म्हणून डाव्यावर. कंपनीत दिसलं तर बायल्या म्हणतात, म्हणून खिशात. लग्न झालेलं नाही माझं."

"पण बायकांचं काम ना रे हे, बाबा?" आत्यानं विचारलं. तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता.

"मला पण सगळे तेच सांगतात, आत्या. हात ऐकत नाही."

मग त्यानं पहिल्यांदा ओवीकडे बघितलं.

"आणखी एक राहिलं. मी त्या दिवशी नुसता फोटोला नव्हतो आलो. मुलगी हनुवटीला हात लावते असं कुणीतरी मामांना सांगितलं होतं. ते म्हणाले, बघून ये."

ओवीची कानशिलं तापली. "मग काय सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं, लावते. माझ्याही लावला. हनुवटी होती तिथंच आहे."

बाबांना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. ओवीला मात्र हसता येईना. सुयशनं मूठ मिटली, हात खिशात घातला आणि उठला. चपला घालताना मामा म्हणाले, "कळवतो." कळवतो म्हणजे काय, ते मुलीच्या घरात सगळ्यांना कळतं.

ओवीच्या नियमाप्रमाणं प्रकरण तिथंच संपायला हवं होतं. तो चोरून बघायला आला होता, त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं. पण तिला चैन पडेना. त्यानं चोरून बघितलं खरं, आणि तिनं काय केलं होतं? त्याला न विचारता त्याचा तळवा मोठा करून करून बघितला, मनातच ठेवला आणि त्याला घरी बोलावून चार माणसांत उघडा पाडला. कुणी बघत नसताना असता तसे बसा, असं येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला सांगणारी ती. एक जण खरंच तसा निघाला, तर त्याची तिनं झडती घेतली. तिला स्वतःची लाज वाटली. आणि त्याहून अवघड म्हणजे तिला त्याची आठवण येत होती. पाऊस नसतानाही येत होती.

"चौकशी उसने की, चौकशी तूने की," मुबारकचाचा लेन्स पुसत म्हणाले. "हिसाब बराबर. अब उसका एक फोटो बाकी है ना, तेरे दिवार का?"

मग ओवीनं मेसेज टाकला. 'तुमचा एक फोटो राहिलाय. कोटाशिवायचा.'

दुपारभर उत्तर नाही. फोन उलटा ठेवून झाला, सुलटा ठेवून झाला. मग आलं. 'हात खिशात चालेल?'

'नाही,' तिनं लिहिलं.

तो शनिवारी आला. साधा पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, खिशात मेहंदीचा कोन. खिडकीपाशी स्टुलावर बसला. डाव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली.

"तुम्हाला घरी बोलावून तसं करायला नको होतं मी," ओवी कॅमेऱ्याशी उगाच खुडबुड करत म्हणाली. "चुकलं माझं."

"माझंही. चोरून यायला नको होतं."

"मग आलात कशाला?"

"पहिल्यांदा मामांनी पाठवलं म्हणून." तो थांबला. "पावसात मात्र मी माझाच आलो होतो. फोटो मोबाईलवर पाठवते म्हणाला होतात तुम्ही... आठवतंय?"

ओवीला आठवत होतं. तिनं विषय बदलला. "हनुवटी वाकडी आहे."

"असेल."

"हात लावू का?"

"मागच्या वेळी विचारलं नव्हतं."

"मागच्या वेळी गिऱ्हाईक होतात."

"आणि आता?"

तिनं दोन बोटं टेकवली. हनुवटी केव्हाच सरळ झाली, तरी ती बोटं काढायची कुणालाच घाई नव्हती. आतल्या खोलीत चाचा मोठ्यानं खोकले तेव्हा ती मागं सरली.

"आता घरी असता तसे बसा," ती म्हणाली.

सुयशनं कोन काढला, मूठ उघडली आणि वाकून तळव्यावर रेघ ओढायला लागला. जिभेचं टोक दातांत धरलेलं, केस कपाळावर आलेले. उजव्या हाताची करंगळी डाव्या मनगटावर टेकवून तो अशा काही निगुतीनं वेल ओढत होता, की ओवी बटण दाबायचं विसरली. मग एकामागून एक फोटो काढत सुटली. शेवटी त्यानं मान वर केली, ओला तळवा कॅमेऱ्यासमोर उघडा धरला आणि लाजून हसला. तो फोटो भिंतीसाठी होता, हे तिला बटण दाबतानाच कळलं.

"या वेळी कळवतो म्हणायची पाळी तुमची," तो उठत म्हणाला. कोन खिडकीत तसाच राहिला. दारात तो थांबला. "फोटो मोठा करून बघा. सवय आहे तुम्हाला."

तो जिना उतरला. ओवीनं फोटो कॉम्प्युटरवर घेतला. मोठा केला. आणखी मोठा केला. आज काढलेल्या वेली काळ्या, ओल्या, वर आलेल्या. त्यांच्यामध्ये अंगठ्याच्या बाजूला एक जुनी, फिकट पडलेली कोयरी होती. तिला त्यानं हात लावला नव्हता, नुसती नवी वेल तिच्याभोवती फिरवली होती. त्या कोयरीच्या पोटात बारीक अक्षरं होती.

ओवी.

रंग उतरलेला. म्हणजे आजचं नव्हतं ते, पोह्यांच्या दिवसाचं होतं. नवरीच्या मेहंदीत नवऱ्याचं नाव लपवतात आणि नवऱ्यानं ते शोधायचं, अशी आपली रीत. पुरुषाच्या तळव्यात कोण नाव शोधतं? त्या दिवशी आईनं बघितलं, आत्यानं बघितलं, बाबांनी बघितलं, ती स्वतः तर डोळे फाडून बघत होती, आणि वाचलं कुणीच नव्हतं. लबाडी शोधायला निघालेल्या बाईला स्वतःचं नाव दिसलं नव्हतं.

ओवीनं खिडकीतला कोन उचलला. आयुष्यात कधी धरला नव्हता. दाबला तर आधी भसकन गोळाच पडला. तो तिनं ओढणीला पुसला आणि डाव्या तळव्यावर, वेडंवाकडं, पहिलीतल्या पोरीसारखं, एकच अक्षर काढलं. हो.

मग ती खिडकीत धावली. वाटलं, गेला असेल. पण तो खाली गाडीपाशी उभा होता. जाणार कसा? ओली मेहंदी घेऊन ना गाडी धरता येते, ना हात खिशात घालता येतो. भर गुलमंडीत, संध्याकाळच्या गर्दीत, डावा तळवा आभाळाकडे करून तो वाळायची वाट बघत होता. जाणारे-येणारे वळून बघत होते. कापडवाल्यानं तर मापाची पट्टीसुद्धा खाली ठेवली होती.

"अहो," ओवीनं हाक मारली आणि खिडकीतून तळवा बाहेर काढला.

त्यानं मान वर करून डोळे बारीक केले. एवढ्या लांबून काही वाचता येईना. मग त्यानं उजव्या हातानं फोन काढला, कॅमेरा तिच्याकडे धरला आणि अंगठ्यानं तिचा हात मोठा केला. आणखी मोठा केला.

"हाथ मत हिला, बेटी," मागून मुबारकचाचा म्हणाले. "फोटो हलता."

ओवीनं हात हलवला नाही. खाली सुयशनं फोन हळूहळू खाली घेतला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्यानं ते तसेच राहू दिले.